मधलीच्या बोटावरचा घट्टा

प्रयोगशाळेत नवं माणूस आलं की मधली पहिल्याच दिवशी त्याची फिरकी घ्यायची. ग्रोथ रूममधल्या पांढऱ्या दिव्यांखाली वीस कुंड्या मांडायची, प्रत्येक कुंडीतलं लेबल भिंतीकडे वळवायची आणि म्हणायची, यातल्या दहा झाडांत एक जनुक नाही, तेवढी दहा निवडून द्या. नवं माणूस हुरूपानं कामाला लागे. पानं मोजे, पाकळ्या मोजे, पट्टी लावून उंची घेई आणि तासाभरानं कपाळावरचा घाम पुसत दहा कुंड्या पुढे सरकवी. लेबलं फिरवून पाहिली की त्यातल्या पाच बरोबर निघत. डोळे मिटून उचलल्या असत्या तरी तेवढ्याच निघाल्या असत्या. मग मधली हसून सांगायची, वाईट वाटून घेऊ नका, मलाही ओळखू येत नाहीत आणि मी इथं अकरा वर्षं आहे.

मधली हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण घरात तिघी बहिणींना थोरली, मधली आणि धाकटी याखेरीज कुणी कधी हाक मारली नाही. एकदा तिच्या आईचा फोन प्रयोगशाळेच्या मॅडमनी घेतला, आणि तेव्हापासून तिथंही तेच चिकटलं.

झाड तसं किरकोळ. वीतभर उंचीचं तण, पांढरी फुलं इतकी बारीक की चष्मा विसरलेल्या माणसाला दिसूच नयेत. त्या फुलाला फूल करण्याचं काम तीन जनुकांकडे होतं. फार फार पूर्वी ते एकच असणार, मग त्याची नक्कल झाली, नकलेची नक्कल झाली आणि काम तिघांत वाटलं गेलं. मॅडम त्यांना ‘तिघी बहिणी’ म्हणायच्या. एक बहीण काढली तर उरलेल्या दोघी तिचं काम गुपचूप उचलतात आणि फूल जसंच्या तसं उमलतं, चार पाकळ्या, सहा पुंकेसर. दोघी काढल्या तरी तिसरी कशीबशी रेटून नेते. तिघी काढल्या तर काय होतं हे इथं कुणी पाहिलं नव्हतं. ते पाहायचं काम मधलीकडे होतं, आणि गेली दोन वर्षं ती भिंगाखाली मान घालून एका झाडाच्या न उमललेल्या कळ्या चिमट्यानं उघडायची, आतले पुंकेसर खुडून टाकायची आणि दुसऱ्या झाडाचा पराग लावायची. दिवसाला तीस-चाळीस कळ्या. चिमटा मधल्या बोटाला नखाशेजारी टेकतो, त्यामुळे तिथं तिला मसुराच्या दाण्याएवढा टणक घट्टा पडला होता.

आईला त्या घट्ट्याचं भारी कौतुक. आईची नजर दोन वर्षांपूर्वीच गेली होती, उजेड आणि सावली एवढंच तिला कळायचं. मधली भेटायला आली की ती तिचा हात हातात घ्यायची आणि बोलता बोलता अंगठ्यानं तो घट्टा चोळत बसायची. मधलीला त्याची इतकी सवय झाली होती की आपल्याला कुणी चोळतंय हेही तिच्या लक्षात येत नसे.

आणि आठ महिन्यांपूर्वी थोरली गेली. ती दूरच्या शहरात जमीन मोजणीच्या खात्यात होती. सकाळी कामावर निघाली, एका वळणावर तिच्या गाडीला ट्रकनं ठोकरलं, आणि दुपारी मधलीला फोन आला. नेमकी त्याच आठवड्यात आई छातीत दुखतं म्हणून इस्पितळात होती. डॉक्टरांनी दोघी बहिणींना बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय फार थकलंय, कसलाही धक्का सोसणार नाही. मधली एकटीच तिकडे जाऊन सगळं उरकून आली. आई घरी आली की सांगू असं ठरलं. आई घरी आली, तेव्हा जरा सावरली की सांगू असं ठरलं. अशी तारीख पुढे ढकलत राहायला फारशी अक्कल लागत नाही.

आई धाकटीकडे राहायची, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. घरी आल्याच्या पाचव्या दिवशी तिनं विचारलं की थोरलीचा फोन कसा नाही. धाकटी एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायच्या कामावर होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं आणि आपल्या मोबाइलवरून आईच्या उशाशी असलेला फोन लावला. थोरलीसारखा घसा साफ केला आणि बोलायला लागली. तिघींचा आवाज मुळात एकच, लहानपणी शेजारीपाजारी फोनवर हमखास फसायचे. आई वीस मिनिटं बोलली. तिनं थोरलीला जेवणाच्या वेळांवरून झापलं, सर्दी बरी झाली का विचारलं आणि समाधानानं फोन ठेवला. धाकटी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. भेटायला आलेल्या मधलीनं तिला जिन्यात नेलं. तिथं दोघी आधी तोंडावर हात दाबून हसल्या आणि मग पायरीवर बसून रडल्या.

फोननं दोन महिने भागलं. मग आई हट्टाला पेटली की थोरलीनं समोर येऊन बसायला हवं. धाकटी त्याच घरात राहायची, तेव्हा हे काम मधलीवर आलं. तिनं थोरलीच्या सामानातून तिचं मोठं पोलादी घड्याळ आणलं. त्याचा पट्टा ढिला होता आणि हात हलला की तो खुळखुळायचा. रुमालावर थोरली लावायची तसं निलगिरीचं तेल लावलं. बोलण्यापूर्वी घसा साफ करायचा, पाऊल जरा जड टाकायचं, वाक्य सावकाश संपवायचं. निघता निघता तिला बोटावरचा घट्टा आठवला. मधली कामात इतकी काटेकोर की तिच्या हातून सहसा काही सुटत नसे. टाचा घासायचा दगड घेऊन तिनं तो घट्टा घासून घासून सपाट केला आणि वर तेल चोळलं. त्या रविवारी आईनं थोरलीचा हात तासभर हातात धरला, आणि सगळं सुरळीत पार पडलं.

थोरलीची बदली आता जवळच झालीय असं आईला सांगितलं, आणि मग तो शिरस्ताच झाला. शनिवारी रात्री घट्टा घासायचा, रविवारी थोरली होऊन जायचं, आणि बुधवारी संध्याकाळी आपलं आपण मधली म्हणून जायचं. बुधवारपर्यंत चिमटा पुन्हा आपलं काम करायचा आणि बोट खरखरीत व्हायचं.

पुढे तीन बहिणी काढलेली रोपं मातीतून वर आली आणि मधलीचा पाय ग्रोथ रूममधून निघेना. एका बुधवारी तिनं धाकटीला कळवलं की आज जमत नाही, तू काहीतरी सांग आईला. धाकटीनं काहीतरी सांगितलं नाही. ती बाजारात जाते म्हणून बाहेर पडली, पाच मिनिटं जिन्यात थांबली, घंटी वाजवली आणि मधली होऊन आत आली.

“कसं काय जमवलंस?” मधलीनं नंतर विचारलं.

“त्यात काय अवघड आहे? घाईघाईत बोलले, दोनदा किती वाजले विचारलं आणि चहा अर्धा टाकून उठले,” धाकटी म्हणाली.

मधलीला ते जरा लागलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. पुढच्या बुधवारीही तिला जमलं नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी जमलं असतं, पण आता घडी बसलीच आहे तर कशाला मोडा, असं तिनं स्वतःला समजावलं. कळ्या उघडायचं काम संपलं होतं, आता फक्त वाट पाहायची होती, त्यामुळे चिमटा हातात येत नव्हता. घट्टा पुन्हा धरला नाही. तरीही ती दर शनिवारी सवयीनं दगड फिरवायचीच.

अशा बेतानं दोन महिने गेले, आणि मग तिला बारीकसारीक गोष्टी जाणवायला लागल्या. मॅडमनी एकदा विचारलं की तुझ्या घशाला काय झालंय, बोलायच्या आधी खाकरतेस. थोरलीचं घड्याळ ती रविवारनंतर काढायला विसरायची आणि गुरुवारी मनगटावर पाहून दचकायची. एके दिवशी मॅडमनी तिला मागून दोनदा हाक मारली, “मधली, अगं मधली,” आणि ती झाडं मोजत राहिली, कारण ती हाक आपल्याला आहे असं तिला वाटलंच नाही. ग्रोथ रूममध्ये पंखे एका सुरात घुमायचे, सोळा तास उजेड असायचा आणि कशाचीच सावली नीट पडायची नाही. लेबल वळवलेल्या कुंड्यांसमोर उभं राहिलं की तिला वाटायचं, यातल्या दहा जणींच्या घरातलं एक माणूस गेलंय, आणि पानालाही त्याचा पत्ता नाही. हे असं पूर्वी तिला कधी वाटलं नव्हतं. तिला भीती वाटायला लागली होती, आणि कशाची हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती दोन महिने आईकडे मधली म्हणून गेली नव्हती आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

म्हणून एका बुधवारी ती दुपारीच उठली. घड्याळ टेबलावर काढून ठेवलं, निलगिरीचा रुमाल पिशवीतून काढून टाकला, आणि न कळवता धाकटीच्या घरी गेली. दार नुसतंच लोटलेलं होतं. आतून तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

ती चप्पल काढता काढता तशीच थांबली. आवाज घाईत होता, शब्द एकमेकांवर पडत होते. बोलणारी बाई आईला सांगत होती की रोपं आता चार बोटं उंच झालीत, कळ्या धरल्यात पण उमलत नाहीत, आणि मॅडम रोज सकाळी येऊन भिंगातून डोकावतात. खरं होतं सगळं, मधलीनंच धाकटीला फोनवर सांगितलेलं. मग आई काहीतरी म्हणाली आणि मधली हसली. म्हणजे आतली मधली. ते हसू शेवटी जरा वर जायचं आणि पटकन तुटायचं. आपण असं हसतो हे दाराबाहेरच्या मधलीला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, आणि ऐकल्याबरोबर पटलं.

तिनं दार ढकललं. आई पलंगावर टेकून बसली होती. धाकटी तिच्याशेजारी, अंगात मधलीचा जुना तपकिरी स्वेटर, जो मधली इथंच कधीतरी विसरून गेली होती. स्वेटरची गरज नव्हती, आईला दिसत नव्हतं. धाकटीनं तो तरीही घातला होता. तिचा हात आईच्या हातात होता आणि आईचा अंगठा तिच्या मधल्या बोटावर, नखाशेजारी, सावकाश फिरत होता.

“कोण आलं?” आईनं विचारलं.

मधलीनं तोंड उघडलं. धाकटी तिच्याकडे बघत होती, तिची मान नको नको म्हणत हलत होती आणि तोंड मात्र मधलीच्या आवाजात म्हणालं, “आई, ओळख बघू. थोरली आलीय.”

मधलीनं घसा साफ केला. तिनं ठरवून केला नव्हता. मग ती जड पावलं टाकत आत गेली, खुर्ची ओढून बसली आणि सावकाश म्हणाली की या बाजूला काम निघालं होतं, म्हटलं डोकावून जावं. आई खूश झाली. दोघी एकदम आल्या हे बरं झालं, आता धाकटीलाही बोलवा म्हणाली. धाकटी बाजारात गेलीय, असं तपकिरी स्वेटरनं सांगितलं. मग तिघींनी चहा घेतला. त्या अर्ध्या तासात त्या खोलीत धाकटी कुणीच नव्हतं, आणि थोरली तर आठ महिन्यांपूर्वीच गेली होती. आई आपली दोन्ही बाजूंना मान वळवून दोघींशी बोलत होती. मधेच ती दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेकडे चेहरा करून बसायची.

निघताना धाकटी जिन्यापर्यंत आली. मधली म्हणाली की पुढच्या बुधवारपासून मी स्वतः येणार, हे आता पुरे. धाकटीनं स्वेटर काढून हातावर घेतला होता. ती त्याची घडी घालू लागली.

“ये की, पण येण्याआधी एकदा मला बोलून दाखव,” ती म्हणाली.

“काय बोलून दाखव?”

“मधलीसारखं. रागावू नकोस, पण तुला आता ते येत नाही. मघाशी दारात तू काही बोलायच्या आधीच मला थोरली आल्यासारखं वाटलं. आईला फरक जाणवला आणि तिनं तुलाच विचारलं की तू कोण, तर काय सांगशील?”

मधलीनं पिशवी खांद्याला लावली. ती खाली आली, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या दुकानाच्या काचेत स्वतःला पाहायचं टाळून प्रयोगशाळेत परत गेली.

शुक्रवारी पहिली कळी उमलली. मॅडमनी तिला हाताला धरून भिंगापाशी नेलं. पाकळ्या नव्हत्या. पाकळ्यांच्या जागी हिरवी पाती होती, पुंकेसरांच्या जागी हिरवी पाती, आणि मध्यभागी जिथं बीज धरणारा भाग असतो तिथं आणखी एक बंद कळी. मधलीनं चिमट्यानं ती उघडली. आत पुन्हा तशीच पाती आणि मध्ये कळी. तीही उघडली. आत कळी होती. चिमट्याचं टोक पुढे जाईना तोवर ती उघडत राहिली, आणि शेवटपर्यंत फूल काही सापडलं नाही. मॅडम आनंदानं तिच्या पाठीवर थोपटत होत्या.

“बघ. एक गेली तेव्हा कळलं नाही, दुसरी गेली तेव्हाही नाही, आणि आता हे,” त्या म्हणाल्या.

मधलीनं भिंगावरून डोळा न काढता विचारलं की जी पहिली काढली तिचं स्वतःचं असं काहीच नव्हतं का, जे दुसरीला येत नाही असं.

“असतं की. प्रत्येकीचं काहीतरी असतंच, अगदी बारीक. आपण पाकळ्या मोजत बसतो म्हणून सापडत नाही. नेमक्या जागी बोट ठेवणारं कुणीतरी लागतं,” मॅडम म्हणाल्या, आणि सगळ्यांना बोलवायला बाहेर गेल्या.

शनिवारी मधलीनं घट्टा घासला. घासायला तिथं काही नव्हतं, तरी घासला. रविवारी थोरलीचं घड्याळ बांधून ती धाकटीकडे गेली. आज शेवटची थोरली, बुधवारी मी मी म्हणून येणार, हे तिनं बसमध्ये मनाशी तीन वेळा म्हटलं.

आईनं धाकटीला औषधांच्या दुकानात पाठवलं. खरोखरच पाठवलं, चिठ्ठी देऊन. दार लागल्याचा आवाज आल्यावर तिनं मधलीला कडी लावायला सांगितली आणि पलंगावर आपल्याजवळ बसवून घेतलं.

“थोरले, तुला एक विचारते. तू लहानपणापासून माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस,” आई म्हणाली.

“विचार,” मधली म्हणाली.

“मधली कधी गेली?”

मधलीला आधी प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली की अगं, ती कामावर असेल, बुधवारी येईल की.

“बुधवारी येते ती धाकटी आहे,” आई म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पुष्कळदा मनात म्हणून झालेल्या गोष्टीसारखा. मग तिनं सगळं सांगितलं. अडीच महिन्यांपूर्वीच्या एका बुधवारी तिनं मधलीचा हात हातात घेतला आणि बोटावर घट्टा नव्हता. तिला वाटलं, काम बदललं असेल. पुढच्या बुधवारी तिनं सहज विचारलं की बोट दुखत नाही ना आता, तर मधली म्हणाली, कुठलं बोट? तेव्हाच काय ते कळलं. तेव्हापासून दर बुधवारी ती त्या बोटावरून अंगठा फिरवते, एखाद्या वेळी असेल म्हणून. नसतो. धाकटी आवाज हुबेहूब काढते, हसते तर अगदी तिच्यासारखी, पण घट्ट्याचं तिला बिचारीला माहीत नाही.

“नुसती रुसून लांब गेली असती तर तिचं सोंग कुणी काढलं नसतं. सोंग काढता म्हणजे ती नाही,” आई म्हणाली. “माझ्या हृदयाची काळजी करू नका. अडीच महिने झाले मला कळून, आणि मी बसलेय तुझ्यासमोर. रात्री धाकटी झोपली की तेवढी रडून घेते. फक्त कधी गेली आणि त्रास झाला का, एवढं मला सांग.”

मधलीला आधी आनंद झाला. लाज वाटावी असा, छातीत मावेना असा आनंद. तिची जागा रिकामी होती. कुणीतरी अडीच महिने दर आठवड्याला तिथं बोट ठेवून पाहत होतं. तिनं मनगटावरचं घड्याळ काढून पलंगावर टाकलं आणि आईचे दोन्ही हात धरले.

“आई, मी आहे. मीच मधली. मी कुठंही गेलेले नाही.”

पण त्याआधी तिनं घसा साफ केला होता, आणि वाक्य सावकाश संपलं होतं. तिनं पुन्हा म्हणून पाहिलं, घाईत, शब्द एकमेकांवर पाडून, आणि ते धाकटीनं काढलेल्या मधलीसारखं ऐकू आलं. आईचा चेहरा आक्रसला. मधलीनं उजवा हात पुढे केला. आईचा अंगठा मधल्या बोटाच्या कडेवर आला, नखाशेजारी थांबला, दोनदा फिरला. कातडी गुळगुळीत होती. काल रात्री तिनं तिथं तेलही चोळलं होतं.

“मी घासून काढला गं. दर शनिवारी मीच घासते,” मधली म्हणाली.

“तूही?” आई म्हणाली. “धाकटीचं एक वेळ चालेल, तिला तेवढीच समज. तू नको गं तिच्या आवाजात बोलूस. मला आता तुझाच आधार आहे. तू थोरली राहा.”

एकच गोष्ट सांगायची बाकी होती. गेली ती थोरली, आठ महिने झाले, आणि इस्पितळातून परत आल्यापासून तू जिच्याशी बोलतेस ती कुणीच नाही. ते सांगितलं असतं तर मधली परत आली असती. तिच्या बोटांना आईच्या मनगटाची नाडी लागत होती, भरभर, मध्येच एक ठोका चुकवत. मधली ते ठोके मोजत राहिली. मग तिनं घड्याळ उचललं आणि पुन्हा हातात बांधलं. पट्टा खुळखुळला, तशी आईच्या खांद्यांतला ताण उतरला.

“त्रास झाला नाही. सकाळी कामावर निघाली होती. लगेच गेली,” ती म्हणाली.

आई रडली. आवाज न करता, मधलीच्या खांद्यावर कपाळ टेकून, मधलीसाठी. मधलीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तीही रडली, आणि थोरलीनं धाकट्या बहिणीसाठी रडावं यात आईला काहीच वावगं वाटलं नाही. काही वेळानं आईनं डोळे पुसले आणि म्हणाली की तिच्याबद्दल काहीतरी बोल, इथं कुणी तिचं नावच काढत नाही, ती ते झाडांचं काय करायची ते सांग.

मधलीनं घसा साफ केला. थोरलीला त्यातलं कधीच काही कळलं नव्हतं, दरवेळी ती गव्हाचं काय झालं असंच विचारायची. “गव्हावर काहीतरी करायची ना? नव्या माणसांना कुंड्या ओळखायला लावायची,” मधली म्हणाली.

“गहू नाही गं, तण. वीतभर तण,” आई म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. “वीस कुंड्या मांडायची. लेबलं भिंतीकडे वळवायची, म्हणजे डोळा लबाडी करत नाही. दहा निवडायला सांगायची आणि त्यातल्या पाचच बरोबर निघायच्या. आणि मग काय म्हणायची माहितेय?”

तिचा अंगठा गुळगुळीत बोटावरून सावकाश फिरत होता.

“नाही,” थोरली म्हणाली. “काय म्हणायची?”